एकशे ऐंशी ग्रॅम

खोक्यावर छापलं होतं: एकशे ऐंशी ग्रॅम.
जळगावच्या सराफ बाजारात एकतीस वर्षं तराजू धरलेला मी,
छापलेल्या वजनावर कसा विश्वास ठेवणार.
दुकान वाढवल्यावर काट्यावर ठेवली.
एकशे ब्याऐंशी, वर दोन गुंजा.
शेठ म्हणाले, हे काळं सोनं कुठलं भो?
म्हटलं, अमेरिकेचं. पण आधी भुसावळचं.

आधीची नोएल हिगिन्सची होती,
मेल गाडीचा ड्रायव्हर, रेल्वे क्वार्टरात राहायचा.
ऑस्ट्रेलियाला जाताना त्यानं पलंग विकला, पियानो विकला,
ही रेकॉर्ड आमच्या रशीदमास्तरला फुकट दिली,
कारण कुणी घेईना.
कव्हरवर केशरी टोपीतला माणूस, ऑर्गनवर वाकलेला,
भाकर फुगली का बघतात तसा.

भुसावळचा मे, शेहेचाळीस डिग्री.
रेकॉर्ड बिबड्यासारखी काठाला उचलली.
मास्तरनं ती दोन पाटांमध्ये घातली, वर ज्वारीचं पोतं.
आठ दिवसांनी काढली तर जवळपास सरळ.
फक्त दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या गाण्यात,
सुईला ठेच लागायची
आणि ऑर्गन एकदम पुढच्या अंगणात पडायचा.

आम्हाला काय ठाऊक ती ठेच आहे.
आम्ही ती चाल समजून बसवली.
न्यू दीपक ब्रास बँड, तेरा माणसं,
मी क्लॅरिनेटवर, रमजान तडवी साइड ड्रमवर,
कागद नाही, सगळं कानावर.
त्या जागी मास्तर भुवई उचलायचे
आणि तेराजण मिळून अडीच मात्रा गिळायचे.
सावदा, फैजपूर, यावल, वरणगाव,
वराती तिथंच अडखळल्या,
मग अडखळायला शिकल्या,
मग तिथं शिट्टी मारायला.
एका नवरदेवाचा घोडासुद्धा...
पण ते रमजान सांगतो, आणि रमजान फेकतो.

आता मूळ टेपवरून नवी काढली आहे.
मुलीनं पुण्याहून पाठवली, किंमत सांगितली नाही.
मी कूलर बंद केला, सुई ठेवली.
ऑर्गन आला, जाड, तुपकट,
खालून बास, रात्री यार्डात डबे जोडतात तसा
एकाला एक लागत जाणारा.
तिसरं गाणं. जागा आली. मी श्वास धरला.
उडी नाही.

तिथं गाणं होतं.
अडीच मात्रांत ऑर्गन जिना उतरतो,
ड्रमवाला काठी कडेला टेकवतो,
मागे कुणीतरी 'हां' म्हणतं, अगदी हळू,
भरिताच्या पहिल्या घासाला म्हणावं तसं.
पन्नास वर्षं ते 'हां' तिथं बसून होतं
आणि आम्ही त्याच्यावरून वराती नेल्या.

रविवारी यावलला गेलो, एसटीत प्लेयर मांडीवर.
रमजानला आता डाव्या कानानं येतं तेवढंच.
स्पीकरला कान लावून बसला.
जागा आली तशी त्याची बोटं मांडीवरून उडाली,
पलीकडे पडली. गाणं मागून आलं.
"चुकलं भो," तो म्हणाला.
"कोण?"
"हे. अमेरिकावाले."
मग म्हणाला, परत लाव.

चौथ्यांदा लावलं तेव्हा
बाहेर केळीचा ट्रक मागे येत होता,
पोरं ओरडत होती, येऊ दे, येऊ दे.
बोटं उचलली गेली,
पण पलीकडे पडली नाहीत,
नुसती वर थांबली,
आणि ते 'हां' त्यांच्याखालून गेलं.