बीट : पूर्णा ते चुडावा

दादा कीमॅन होते.
हजेरीबुकात सटवाजी गंगाराम, बीट पूर्णा ते चुडावा.
खांद्यावर पाना, हातात हातोडा,
लाल झेंडी काखेत गुंडाळलेली.
रूळ ते कानानं वाचायचे :
टण् वाजलं की पुढं,
टप् वाजलं की खाली बसायचं.

लाकडी स्लीपर बदलले तेव्हा
क्वार्टरमागं त्यांची थप्पी आली,
डांबरी तेलात मुरलेली.
सात हिवाळे आमचं आंघोळीचं पाणी त्यांच्यावर तापलं.
धूर चिकट, गोडसर.
आई म्हणायची, फुकटचं लाकूड, पण जाळ काय धरतं!
दादा त्याच जाळावर बिडी पेटवायचे.

नांदेडहून सुट्टीला आले तेव्हा
मी फरशीवर खडूनं काढलं :
हे दोन रूळ, दादा, पीळ घातलेले.
मधे अक्षरांच्या जोड्या, स्लीपरसारख्या.
धुरातला एक कण आत शिरतो.
पेशी त्याला धुऊन बाहेर काढायला जाते
आणि त्या धुण्यातच त्याला धार येते.
मग तो एका अक्षराला धरतो,
बिब्ब्याच्या खुणेसारखा,
कितीही आपटा, निघत नाही.

तिथं रूळ फुगतो.
अंधारात फिरणारं कुणीतरी त्या फुगवट्याला ठेचकाळतं.
अलीकडं एक घाव, पलीकडं एक,
तीसेक अक्षरांचा तुकडा उचलून बाजूला.
समोरचा रूळ शाबूत असतो,
त्याच्याकडं बघत नवा तुकडा भरायचा, सांधायचा.
तोवर गाडी आउटरला उभी.

दादा बराच वेळ बघत राहिले.
"आन् मुकादम कोन तितला?"
कुणीच नाही.
"हजेरी?"
तीही नाही.
"मंग करतेत कशापायी?"

मला सांगता आलं नाही.
एवढंच म्हणाले,
एका पेशीत एका दिवसात
असे हजारो टप् वाजतात
आणि बहुतेक सगळे कुणीतरी ऐकतं.

"बहुतेक," दादा म्हणाले.
तो शब्द त्यांच्या ओळखीचा निघाला.
मीटरगेजच्या शेवटच्या हिवाळ्यात, पुलाच्या अलीकडं,
एक तडा त्यांच्या कानातून सुटला होता.
"मालगाडी गेली त्याच्यावरून. दोनदा.
दुसऱ्या दिशी मलाच घावला.
कुनाला बोललो न्हाई."

मीही सगळं बोलले नाही.
गाडी न थांबता गेली की
तडा रुळात राहत नाही,
टाइमटेबलात छापला जातो,
आणि पुढची प्रत्येक गाडी त्याच वेळापत्रकानं धावते.
काही पेशी, मोडतोड आवाक्याबाहेर गेली की
आपला कंदील आपणच मालवतात.
हे मंगळवारनंतर सांगू.
स्कॅनची चिठ्ठी आईच्या बटव्यात, औषधाच्या पावतीत घडी घालून.

दादा खोकले. खोकला संपायची वाट पाहिली.
मग माझ्या हातातला खडू घेऊन
त्यांनी सांध्यापाशी टिचकी मारली.
"हितं चुकलीस.
दोन रुळांमधी फट ठिवावी लागती.
उन्हाळ्यात लोखंड वाढतं,
त्याला जागा नको?"

मी बोटानं रेघ पुसली,
नखाएवढी.