तीन मिलिमीटर

ग्दान्स्कला फेब्रुवारीत उजाडतं ते उजाडल्यासारखं नसतं.
सातला आम्ही बोगुमिल शेलेंगाला पालथं निजवलं.
जहाजांच्या कारखान्यात एकतीस वर्षं वेल्डिंग केलेली पाठ,
मानेखाली ठिणग्यांचे जुने पांढरे ठिपके.
कमरेचा चौथा मणका पाचव्याशी कायमचा जोडायचा होता.

मी हत्यारं देते. मला कुणी काही विचारत नाही.
पण बघते.

मणक्याला चिमटा लावून फ्रेम बसवली,
तिच्या टोकांना राखाडी गोळे, करवंदाएवढे.
कॅमेरा त्यांच्यावर डोळा ठेवून असतो
आणि पडद्यावर पाठ आरपार उघडते.
त्याला फक्त गोळे दिसतात.
हाड त्याला दिसत नाही, हे किप्रियान विसरतो.
अठ्ठावीस वर्षांचा आहे.

ओर्लिन्स्काबाई विसरत नाहीत.
बावीस वर्षं त्यांनी नुसत्या हातानं स्क्रू घातले,
एक्स-रेच्या धूसर सावलीवर.
लोक म्हणायचे, बाईंना हातगुण आहे.
मग इग्नात्सी. एकच स्क्रू, आतल्या अंगाला, जरासा.
त्याचा डावा पाय अजून फरफटतो
आणि दर ऑक्टोबरला तो आलुबुखारच्या मुरंब्याची बरणी पाठवतो.
सोबत रागाची एक ओळ नाही.
कपाटात नऊ झाल्यात, एकही उघडलेली नाही.
कॅमेरा घ्याच, म्हणून संचालकांशी भांडल्या त्या बाईच.

दोन स्क्रू गेले निळ्या रेघेवरून, सुईत दोरा जावा तसे.
तिसरा डावीकडचा.
बाईंनी गोल टोकाची सळई भोकात सोडली, डोळे मिटले.
तळ. वरची भिंत. बाहेरची.
आतली—
"हाड संपतंय इथे."
पडदा म्हणत होता, सगळं ठीक.
किप्रियाननं कोपर हळूच अंगाशी घेतलं.
मघाशी ते फ्रेमला लागलं होतं. मी पाहिलं होतं,
निदान पाहिल्यासारखं वाटलं होतं.
बोलले नव्हते.

पुन्हा स्कॅन. आम्ही सगळे शिशाच्या दाराआड, अकरा मिनिटं.
आत बोगुमिल एकटा, उघड्या पाठीनं.
फ्रेम तीन मिलिमीटर सरकली होती.
तांदळाचा अर्धा दाणा.

आणि चौथ्याला उलटंच.
बाईंचा हात म्हणाला सरळ, पडदा म्हणाला थोडं बाहेर.
बाईंनी पडद्याचं ऐकलं.
का, ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी बोगुमिलनं एक्स-रे बघायला मागितला,
चष्मा कपाळावर चढवून, कारागिराच्या नजरेनं.
"हे तर नुसते क्लॅम्प. डाग कुठे दिलाय?"
"तो तुमचं हाड देईल," बाई म्हणाल्या. "सहा महिने. वर्षही लागेल."
"म्हणजे खरं काम अजून माझंच!"
हसला, आणि हसताना कळवळला.
मग पांघरुणाखाली पावलं हलवून पाहिली.
आधी उजवं.
बाई डाव्याकडे बघत उभ्या होत्या.