साठ अंश

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं:
गालिचा नको. जाड पडदे नकोत. पिसांचं काहीच नको.
एमेशेनं तो कागद फ्रिजवर चिकटवला
आणि चार दिवस त्याच्याकडे पाठ करून कांदे चिरले.

पाचव्या दिवशी गालिचा गुंडाळला.
खाली लाकूड निघालं, आधीच्या भाडेकरूंच्या टाचांनी घासलेलं,
फटीत एक निळा मणी.

चादरी साठ अंशांवर. अभ्रे साठ अंशांवर.
खिडकीवरचं दव रोज सकाळी फडक्यानं.
झोंबोरचं अस्वल एवढं गरम पाणी सोसणारं नव्हतं,
ते पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवलं,
वाटाण्यांच्या शेजारी.
"त्याला थंडी वाजते का?"
संध्याकाळभरात तीनदा विचारून झालं.
"त्याला नाही रे. त्याच्या अंगातल्या किड्यांना."

उरली दुलई.
आईनं लग्नात दिलेली, सोळा हंसांची.
तिसाकाठच्या ओसरीत दोन हिवाळे बसून
तिनं एकेक पीस देठापासून सोललं होतं,
खोकला आला की तोंड वळवून,
पिसं उडू नयेत म्हणून.

टाकवेना.
रात्री एमेशेनं ती स्वयंपाकघरातल्या बाकावर ओढली
आणि एकटीच आत शिरली.

दाराआड ती उघडीबोडकी खोली.
श्वास आत. श्वास बाहेर.
शीळ नाही.
ती मोजत राहिली. एकशेचाळीसच्या पुढे
आकडे ऊबदार होऊन विरघळले.

मग अंधारात घरघर.
ती अनवाणी धावली, दाराशी थबकली.
झोंबोर गाढ झोपलेला.

फ्रीझर होता.