रिकाम्या रेघा

इतवारीत, सराफ्याच्या मागे,
जिथे पुढे झेरॉक्सचं दुकान झालं,
तिथे आमचा छापखाना होता.
मी शिवदास निनावे, खिळे जुळवणारा.
आडनावाची थट्टा तेव्हाही व्हायची:
स्वतः निनावे, आणि गावाची नावं छापतो.
लग्नपत्रिका, संत्र्याच्या पेट्यांची लेबलं,
तेरवीची बोलावणी.

एक्कावन्न सालच्या मे महिन्यात डेग्वेकर मास्तर आले,
डोक्यावर ओला पंचा, काखेत चाळीस पानी वही.
शाळेत सायन्स शिकवायचे.
वहीत गोष्ट होती, चंद्रावर जाणाऱ्या तिघांची.
गोष्टीला भोकं होती.
शब्द सापडला नाही तिथे मास्तरांनी
नुसती रेघ ओढून ठेवलेली.
‘दारात एक ——— उभा होता. त्याला भूक नव्हती.’

म्हटलं, मास्तर, रेघेचा खिळा आहे माझ्याकडे,
पण वाचणारा रेघेत बसून चंद्रावर कसा जाणार?

हसले नाहीत. स्टूल ओढून बसले.
मग रोज, एम्प्रेस मिलचा भोंगा झाला की
आम्ही शब्द शोधायचो.
पुराणातलं विमान त्यांना नको होतं.
‘त्यात देव बसतात, शिवदास.
ह्यात घाम येणारे बसणार आहेत.’
अग्निबाण चालला. बाण तर
दिवाळीत महालातली पोरंही उडवतात.
भूक नसलेल्याला त्यांनी यंत्रमनुष्य लिहिलं.
माझ्याकडे ‘ष्य’चे खिळे पाच, त्यातले दोन झिजलेले,
आणि हा गडी पानोपानी येत होता.
मी मानव जुळवला.
मास्तरांनी प्रूफ वाचलं,
पेन्सिल उचलली, खाली ठेवली.

तो शब्द आमचा, असं मी म्हणत नाही.
पुण्यातही कुणाकडे तेव्हा
‘ष्य’ कमी पडला असेल.

एक रेघ राहिली.
जे वर जातं, माणसं सोडतं, परत येतं,
पुन्हा जातं, पुन्हा येतं,
त्याला काय म्हणायचं?
गगनगामी, म्हणाले. खोडलं.
पुनरागामी. तेही खोडलं.
घरी भाऊ मागावर बसलेला,
वच्छला त्याच्यासाठी कांड्या भरत होती.
तिला विचारलं. तिनं मान वर केली नाही.
‘इकडून तिकडं, तिकडून इकडं?
धोटाच नाही का तो? काहून डोकं खाता जी?’

मी धोटा जुळवला.
मास्तरांनी खोडला.
‘लोक हसतील, शिवदास.
चंद्र आहे तो, कोष्टीपुरा नाही.’
मी काही बोललो नाही. कोष्टीपुऱ्यातच राहत होतो.
रेघ तशीच छापली.
प्रती दोनशे. दीडशे रद्दीत गेल्या,
चिवडेवाल्याकडे चंद्राचे पुडे झाले.

झीरो माइलच्या दगडावर अंतरं कोरलेली आहेत,
हैदराबाद, रायपूर, जबलपूर.
मास्तर एकदा तिथे टोपी काढून उभे राहिले,
म्हणाले, वरच्या दिशेचा आकडा
साहेब विसरला बघ.

एक्क्याऐंशीच्या एप्रिलात पेपरात बातमी आली,
अमेरिकेनं आकाशात शटल सोडलं.
जातं आणि परत येतं.
नातवाला म्हटलं, शटल म्हणजे रे काय?
त्यानं शाळेची डिक्शनरी काढली, बोट फिरवलं.
‘आबा, धोटा. मागावरचा. हे काय असते?’

मास्तरांना जाऊन नऊ वर्षं झालेली.
माग विकून बारा.
वच्छला अंगणात तूर पाखडत होती.
बातमी तिला मोठ्यानं वाचून दाखवली.
‘मंग मी काय म्हनलं होतं,’
एवढं बोलून तिनं सूप पुन्हा हलवलं.

एक प्रत आहे माझ्याकडे. पान सव्वीस.
रेघेवर बॉलपेननं लिहायला बसलो,
आणि जन्मभराच्या सवयीनं
‘धो’ उलटा काढला.

तसाच ठेवला.