अर्धं युनिट

न्याहुरुरूला पाणी घाईनं उकळतं.
एवढ्या उंचीवर त्याला दम निघत नाही,
पुरतं तापायच्या आतच बुडबुडे काढून मोकळं होतं,
आणि घेवडा तसाच, खड्यासारखा,
पातेल्याच्या तळाशी मक्याशी भांडत.

तीन तास. कधी साडेतीन.
शेगडी विझू नये म्हणून मी उठते, फुंकते, बसते,
मधल्या वेळात चौथीच्या वह्या तपासते.
मुलांच्या गणितांवर
माझे कोळशाचे अंगठे उठतात.

त्यातल्याच एका वहीच्या मागच्या पानावर
हिशेब मांडून ठेवलाय:
कोळशाचा डबा, शंभर शिलिंग, दोन दिवस.
थंडीत दीडच.
काबुराच्या दुकानातला विजेचा कुकर,
आठ हजार नऊशे, हप्त्यानं थोडा जास्त.
भागाकार तीनदा केला,
तीनदा निराळं उत्तर आलं.
मुलांना मी याच्यासाठी ओरडते.

मुगो म्हणतो, वीज खाईल तो.
"हजार वॅट," असं बोट वर करून सांगतो,
जणू हजार वॅट नावाचा कुणी सासरचा पाहुणा
वळकटी घेऊन राहायलाच येणार आहे.
टोकनचे वीस आकडे मीटरवर तोच दाबतो,
एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून,
म्हणून प्रत्येक युनिट त्याला
स्वतःच्या हातानं रोवलेलं वाटतं.

शनिवारी काबुरानं दुकानात शिजवून दाखवलं.
पंचेचाळीस मिनिटं.
मी दाणा नखानं दाबला. लोणी.
पण घरी येताना वाटलं,
तिचा घेवडा यंदाचा असणार.
माझा मागच्या वर्षीचा, पोत्याच्या तळचा,
त्याची गोष्ट वेगळी.

पुढच्या शनिवारी मी माझा घेवडा घेऊन गेले.
रुमालात बांधून, न भिजवता.
काबुरा हसली, पण घातला तिनं.
मी स्टूल ओढून मीटरसमोर बसले,
पेपर चालू असताना मागच्या बाकावर बसते तशी.

झाकण लावलं की सगळं तिच्या हातातून जातं.
ढवळायचं नाही. मीठ कमी की जास्त, चाखायचं नाही.
वेळ भरली, दिवा बदलला, तरी उघडेना:
वरची ती बारकी पिन
आपली आपण खाली बसेपर्यंत थांबायचं.
शिजेपर्यंत दम धरवतो, निवेपर्यंत नाही म्हणतात,
ते मला तिथे, त्या स्टुलावर कळलं.

तेवढ्यात दारात गाथोगो.
आमचा कोळसेवाला. तीनशे शिलिंग मी त्याचे देणं लागते.
मी उगाच पिशवीत काहीतरी शोधायला लागले.
तो माझ्याकडे न बघता कुकरपाशी वाकला,
काळ्या बोटानं झाकणाला हात न लावता विचारलं,
"बोकडाच्या मटणाला किती वेळ लागतो?
बायको मागे लागलीय."

पिन बसली.
माझा म्हातारा घेवडा शिजला होता.
एखाददुसरा दाणा कडक, तो तर माझ्या शेगडीवरही असतो.
मीटर अर्ध्या युनिटनंही पुढे सरकलं नव्हतं.
गाथोगोनं चार दाणे खाल्ले,
"मीठ कमी," म्हणाला.

आता घेणार, असं ठरवून घरी आले
आणि भिंतीकडे पाहिलं.
आमच्या घरात एकच सॉकेट,
तेही सैल, कागदाची घडी कोंबलेलं.
रेडिओ, दोन फोन, शेजारणीचा एक फोन,
सगळे तिथेच रांगेत.
वीजमिस्त्री म्हणाला, जाड वायर लागेल,
हजार वॅट म्हणजे काय थट्टा आहे?
मुगोनं माझ्याकडे बघितलं. बोलला काहीच नाही.

पहिला हप्ता वायरीत गेला.
भिंतीवर नवा पांढरा बोर्ड आहे आता, तीन सॉकेटचा.
एकात मुगोनं लगेच फोन लावला,
"बघ, उपयोग झाला की."
दुसरं रेडिओला.
तिसऱ्यावर मी चिकटपट्टी लावून ठेवलीय.
आणि गाथोगोचे तीनशे चुकते करून
अर्धाच डबा आणलाय यावेळी,
अर्धाच दे म्हटलं त्याला.