खिडकी क्रमांक चार

मुद्रिकाबाई तिसऱ्यांदा आल्या
परभणीच्या सरकारी दवाखान्यात,
पिवळं रेशनकार्ड कॅरीबॅगमध्ये गुंडाळून.
मागं भागवतराव, जिंतूरच्या गाडीचं तिकीट
अजून मुठीतच.

मी योजनेची यादी पुन्हा वाचली, या वेळी खालून वर.
हृदय आहे. किडनी आहे. गुडघा आहे.
पिशवी काढायची असली तर आहे,
कोड टाकला की दुपारपर्यंत मंजुरी.
पिशवीत काही ठेवायचं असलं तर
रकाना नाही.

"म्हंजी सरकारला रिकामी चालती, भरल्याली न्हाई?"
त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

सोनोग्राफी इथं फुकट, मी म्हणालो, मंगळवारी.
नळ्यांचा फोटो नांदेडला.
पुढचं टेस्ट ट्यूबचं खाजगीत,
लाख, दीड लाख, तेही एका खेपेचं.
भागवतराव आकडा ओठांतल्या ओठांत
मोजत राहिले,
मग तिकिटाची घडी घालू लागले. बारीक. आणखी बारीक.

"अर्ज तर लिवा."
कोणत्या योजनेखाली, मलाही ठाऊक नव्हतं.
लिहायला घेतला.
'विषय'पुढं पेन अडला.

बाई खिडकीत वाकल्या.
"लिवा, येणं बाकी."

मी शिक्का उचलला,
आवक क्रमांक टाकला.