टाक

चोपड्याच्या सराफात भिकन विसपुते
कोमट राळेवर फिरवतो अंगठ्याएवढी नळी,
पुतणीनं आणलेली, इराकातल्या मुद्रेची नक्कल.
राळेतून उठते चंद्रकोर, आसनावर देव,
आणि एका माणसाचं मनगट धरून
त्याला पुढं नेणारी कुणी लहानशी देवी.

"उलटं कोरेल शे. आपलाच माणूस व्हई."
मग चष्मा पुसत,
"अंगठा मात्र चुकना."

पन्नास वर्षं टाक घडवले त्यानं:
खंडेराव, म्हाळसा, लोकांचे वीर.
केशरचा, बायकोचा, गेल्या पौषात.
चांदीत ती उभी एकटीच,
पदर नीट, हात मोकळे.

शटर ओढल्यावर
तो तिचा ठसा पुन्हा काढतो.
कडेला जवभर जागा.
तिथं एक हात मावतो, मनगटाशी.
कुणाचा,
ते कोरायला जागा उरत नाही.